सुई राहिली असेल तर

ताईच्या शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं धाकट्या भावाकडे असत. हात इतका साफ, की गिऱ्हाइकं त्याला ‘मास्तर’ म्हणत. कित्येक वर्षं त्याच्या कानात न दिसणारी माणसं बोलायची, वाट्टेल ते सुनवायची. मास्तर काम टाकून त्यांच्याशी भांडायचा. शेवटी नव्या गोळ्या लागू पडल्या, आवाज थांबले आणि ताईच्या जिवात जीव आला.

पण सुख टिकलं नाही. मास्तर तयार फ्रॉक पुन्हा पुन्हा चाचपू लागला. आत सुई राहिली असेल, कुणाच्या लेकराला टोचेल. चाचपून समाधान होईना, तशी शिवणच उसवून बघू लागला. उसवायचं, शिवायचं, परत उसवायचं. बोटांची चाळण झाली. गिऱ्हाइकं खेटे घालून वैतागली.

“ते परत आले का रे?” ताईने भीतभीत विचारलं.

“नाही.”

“मग उसवायला कोण सांगतं?”

“कुणीच नाही. सुई नाही हे कळतं गं मला. हात ऐकत नाही.”

तिला खरं वाटलं नाही. गोळी चुकवत असेल म्हणून तिने त्याला तोंड उघडायला लावलं, जिभेखाली बघितलं. एवढा बाप्या माणूस, मुकाट्याने आ करून उभा राहिला.

“गोळ्या घेतोय तो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या आजारात असंही होतं. कधीकधी याच गोळ्यांनी वाढतं. डोस जरा कमी करून बघू.”

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोस उतरला, उसवणंही उतरलं. मग एका दुपारी मास्तर भिंतीकडे बघून दबक्या आवाजात उत्तरं देऊ लागला. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “गोळ्या वाढवायला सांग.”

“पुन्हा उसवत बसशील.”

“बसेन. आवाजांशी निदान भांडता येतं, याच्याशी तेही नाही. पण ते आले की तू माझ्याकडे पाठ करून बसतेस, ताई.”

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, जोडीला दुसरी गोळी दिली. वेळ लागेल म्हणाल्या. लहान मुलांचे कपडे ताईने बंद केले. आता पडदे आणि उशांचे अभ्रे. मास्तर तेही उसवतो. संध्याकाळी ती कुलूप घेऊन उभी राहते.

“एवढी एकच शिवण,” तो म्हणतो.

ती खांद्यावरची पिशवी उतरवते आणि स्टुलावर बसते.