वडनेरची पहाटेची गाडी

हेडलाइटच्या स्विचच्या पाठीला पितळेचे तीन स्क्रू होते. कडेचे दोन अजून पिवळे होते. मधला निळा-जांभळा पडला होता आणि त्याच्याभोवतीचं काळं बॅकेलाइट तापल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं होतं. गोरक्षने तो स्विच नाकाशी नेऊन हुंगला आणि जयरामच्या हातात दिला.

"मामा, दिवाळीपासून हा तिसरा. स्विच खाता का काय तुम्ही?"

"माल हलका याय लागला," जयराम म्हणाला.

"माल तोच आहे. बल्ब कुणी बदलले? पुढं शंभर वॅटचे घातलेत. या स्विचचा जीव साठाचा."

"उजेड पडत नाय, मग काय करू?"

गाड्यांच्या वायरिंगचं गोरक्षचं पत्र्याचं दुकान नाशकात द्वारकेला, ट्रकच्या रांगेत. समोर जयरामची व्हॅन उभी होती. देवळाली कॅम्पात लष्कराच्या लिलावात त्याने ती घेतली होती. वरून निळा रंग दिला होता, तरी दारांच्या कडांना आतला खाकी डोकावायचा. रोज पहाटे, अंधारातच, ती वडनेरच्या बायकांना आणि त्यांच्या भाजीच्या पाट्यांना घेऊन नाशिकच्या बाजारात यायची. आज बाजारातला भाजीचा पहाटेचा लिलाव हुकला होता. बायकांना दिवसभर बसून भाजी विकावी लागली. आता ऊन उतरत आलं होतं आणि त्या गाडीत मागे बसून परतीची वाट बघत होत्या.

जयरामची बायको सुलाबाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. शेजारी नवसाबाई रिकाम्या पाट्या एकात एक घालत होती.

"सुले, आज लय गप हायेस," नवसाबाई म्हणाली. "तुझं तोंड बंद पडलं का गाडी बंद पडती बघ. सकाळी तेच झालं."

ती थट्टेत बोलली होती. सुलाबाईने मात्र मान वळवून गाडीकडे पाहिलं.

सगळा हिवाळा ती गाडीत पुढे, नवऱ्याच्या डाव्या हाताला बसत आली होती. बायकांना वाटायचं, नवऱ्याशिवाय करमत नाही हिला. बसली की तिची बडबड सुरू व्हायची. "आली बाई शिरसाटांची विहीर," असं ती म्हणाली की पुढे वळण असायचं. "हा सायकलवाला बघा, रस्ता बापाचाच समजतो," म्हटलं की जयरामचा पाय ब्रेकवर जायचा. तो कधी हो म्हणायचा नाही, पण स्टिअरिंग वळायचं. हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायचं तर आधी कारण बोलावं लागलं असतं.

काल रात्री ते कारण तिने अर्धंच बोलून पाहिलं होतं. "एकदा डोळे दाखवून येऊ," एवढंच. जयरामने ताट बाजूला सारलं होतं. "माझा बाप चाचपडत हिंडायचा, तसा हिंडतो का मी?" म्हणून पहाटे तिने अबोला धरला आणि गाडीत बसल्यावरही सोडला नाही.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे जळक्या रबराचा वास आला. डॅशबोर्डाखाली धूर झाला आणि दोन्ही दिवे गेले.

चांदणं होतं. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. रस्ता राखेच्या पट्ट्यासारखा समोर पडला होता आणि कडेचे चुना लावलेले दगडसुद्धा स्वच्छ दिसत होते. मागून कुणीतरी म्हणालंही, "चालू द्या हळूहळू, दिसतंय की." जयरामने गाडी चालू ठेवली, आणि गाडी रस्ता सोडून सरळ कालव्याकडे निघाली. सुलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सताड उघडे होते. तो समोरच बघत होता.

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. गाडी थांबली तेव्हा डावं चाक भरावाच्या अगदी कडेला होतं, आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. टपावरच्या कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात गेल्या. सगळ्या बायका उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. दिवेच गेले, त्याला ड्रायव्हर काय करणार, असं जो तो म्हणत होता. सुलाबाईही तसंच म्हणाली.

गोरक्ष आता डॅशबोर्डाखाली उताणा झोपून काम करत होता. त्याने नवा स्विच बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि मध्ये एक लहानशी डबी जोडली.

"हा रिले," तो बाहेर येऊन म्हणाला. "आता स्विचमधून नुसता इशारा जाणार. भार सगळा या डबीवर. स्विच गरमच व्हायचा नाही."

"आन् उजेड?" जयरामने विचारलं.

"बघाच तुम्ही. गाडीचं तोंड गोदामात घाला."

शेजारच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात दिवसाही अंधार असायचा. जयरामने गाडीचं तोंड आत घातलं आणि स्विच ओढला. मागची भिंत एकदम पांढरी झाली. भिंतीचे पोपडे दिसले, पोत्यांच्या तोंडांवरचे सुतळीचे टाके दिसले. सुलाबाईला डोळ्यांवर हात धरावा लागला. डाव्या थप्पीपुढे, उघड्या फरशीवर एक करडं मांजर बसलं होतं. त्याचे डोळे हिरवे चमकत होते.

"घ्या थोडी पुढं," गोरक्ष म्हणाला. "फोकस नीट बसवतो. मांजराला तेवढं जपा."

गाडी सरकली.

"मामा, मांजर."

गाडी सरकतच होती.

"मामा!"

"कुठलं मांजर?" जयराम खिडकीतून म्हणाला.

मांजर शेवटच्या क्षणी उडी मारून थप्पीवर गेलं. चाक ते बसलं होतं त्याच फरशीवर थांबलं. गोरक्षच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच वर राहिला. नवसाबाई केव्हाच उठून उभी राहिली होती. तिने एकदा सुलाबाईकडे पाहिलं आणि मग पाट्यांकडे.

जयराम खाली उतरला. हात पुसायचं फडकं त्याने उगाच घडी घालून खांद्यावर टाकलं. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "मंदच हाय अजून."

गोरक्षने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

"यापेक्षा मोठा बल्ब नाशकात मिळत नाही, मामा," गोरक्ष हळूच म्हणाला.

"मग वायर बदल. सगळी. मिलिटरीची जुनी वायर हाय, आतून कुजली आसंल."

वायर कुजलेली नव्हती. गोरक्षने आत्ताच ती हाताने चाचपली होती. त्याने जयरामकडे न पाहता सुलाबाईला विचारलं, "मामी, काय करू? उघडू का सगळं?"

सुलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. वडनेरमध्ये त्याला जयराम म्हणणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. म्हातारी माणसंही ड्रायव्हरच म्हणायची. लग्नानंतर तिला पहिल्यांदा कुणी ओळखलं, तेही ड्रायव्हरची बायको म्हणून. ते ड्रायव्हरपण गेलं तर लोक त्याला हाक काय मारणार, हे तिला सांगता आलं नसतं.

गाडीच्या मागच्या बाजूने एका बाईने डोकं बाहेर काढलं. "ड्रायव्हर, उद्या न्हेमीच्याच टायमाला ना? सुनंला दवाखान्यात न्यायचीय. दिवस भरत आलेत तिचे."

"व्हय," जयराम म्हणाला. "न्हेमीच्याच."

सुलाबाई पायरीवरून उठली. गाडीच्या उघड्या दारातून आत वाकली आणि नवा स्विच आत ढकलला. भिंत, पोती, मांजर, सगळं एकदम नाहीसं झालं. बोट जरा वेळ तिने स्विचवरच ठेवलं. तो गार होता.

"गोरक्ष, वायर चांगली हाय. तिला हात लावू नको."

मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण मागे बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल एवढा ठेवला.

"अहो, तुमाला अंधारात दिसत नाय. आपली गाडी आता उजाडल्याबिगर निघायची नाय."