साम्याचा रकाना

संग्रहालयात तिला सगळे चिठ्ठीवाली म्हणत. मेलेल्या प्राण्यांच्या बरण्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता बाईचे केस पिकले. ‘मेलेल्यांना नावं ठेवायची नोकरी,’ असं तीच म्हणायची.

आज साहेबांनी तिच्यापुढे दोन नमुने ठेवले होते. एक फळं खाणारं वटवाघूळ, दुसरा समुद्रातला स्पंज. शाळकरी मुलांसाठी तुलनेचा तक्ता हवा होता. फरकाचा रकाना भराभर भरला. एकाला पंख, दुसऱ्याला साधं तोंडही नाही. एक वासावरून पिकलं फळ हुडकतं, पिलाला पोटाशी घेऊन उडतं. दुसऱ्याला ना मेंदू ना काळीज. अंगातून पाणी जात राहतं, तेवढंच जगणं. साम्याच्या रकान्यात मात्र ‘दोघंही प्राणी’ एवढ्यावर गाडी अडली.

तेवढ्यात दवाखान्यातून दादाचा फोन आला.

“छोटे, डॉक्टर थांबलेत. माझी सही झालीय. तुझी झाली की आईचं श्वासाचं यंत्र काढतील.”

“नाही म्हटलं ना! काल तिनं माझं बोट धरलं. सोडेचना.”

“चार महिने डोळा उघडला नाही गं तिनं.”

“ओळखल्याशिवाय कोण इतकं घट्ट धरेल?”

“बरं बाई, तू म्हणशील तसं.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं.

तिनं पेन उचललं. वटवाघूळ फांदीला, स्पंज खडकाला. सापडलं की! तिनं लिहिलं: ‘दोघंही धरून राहतात. त्याला जोर लागत नाही, जाग लागत नाही. वटवाघूळ मेल्यावरही कधीकधी लटकलेलंच राहतं.’

लिहिलेलं तिनं पुन्हा वाचलं. किती नमुने फांदीसकट आले होते. एकेक नख तिनंच सोडवलं होतं. खोडायला हात पुढे झाला, पण खोटी चिठ्ठी तिनं आजवर लावली नव्हती.

“झाला का तक्ता?” साहेबांनी विचारलं.

“झाला. मला सुट्टी हवीय.”

“उद्याची?”

“आत्ताची.”

दवाखान्यात दादानं खुर्ची पुढे सरकवली. “घाई नाही गं.”

“आहे,” ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

मग ती आईजवळ बसली. बोट द्यायचं जिवावर आलं. तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. तिथं धरणारं काही नव्हतं.