बावीस मिनिटांची खांदवाट

त्या तळ्यांच्या मुलखात बाबांनी दिलेली वेळ कुणी तपासून बघत नसे. गवताच्या माळावरच्या पायवाटा आणि त्यांना जोडणारी सात तळी, एवढ्यावर त्यांचं एक छोटं पुस्तक होतं. कुठे चालायचं, कुठे होडी पाण्यात घालायची, कुठे पाणकणसांत ती अडकते आणि कशाला किती मिनिटं लागतात, सगळं त्यात होतं. होडी भाड्याने देणारे काका ते पुस्तक गल्ल्याशेजारी ठेवत आणि येणाऱ्याला सांगत, "यात चाळीस मिनिटं लिहिलंय ना, मग चाळीसच. एकेचाळीस लागली तर तुमचं घड्याळ दुरुस्तीला टाका."

दरवर्षी हंगामाच्या आधी, त्याच आठवड्यात, तेवढंच ओझं घेऊन बाबा सगळ्या वाटा स्वतः करत. पोचल्या पोचल्या काठावरच उकिडवं बसून पेन्सिलीने वहीत वेळ लिहीत. घरी येऊन आठवून लिहिलेली वेळ त्यांना चालत नसे. म्हणत, "घरी आलं की माणूस स्वतःला माफ करतो." ती वही बघून पुस्तकाची नवी आवृत्ती संगणकावर तयार करायची ते काम धाकट्या लेकीचं. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, तरी ते तिच्याकडेच राहिलं.

बाबा गेले त्याला आता अकरा महिने झाले होते. पाचव्या तळ्याच्या काठावर होडी नीट वर ओढून, पालथी घालून, तिला टेकून बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय तीन-चार वर्षांपासून थकत आलं असणार, त्यांना जाणवलं असणारच.

त्या "जाणवलं असणारच"ने आईला पोखरलं. भाजी निवडताना, नातवाची दुपटी वाळत घालताना ती मध्येच थांबायची.

"या माणसाच्या पोटात कधी काही राहिलं नाही गं. आमटीत मीठ जास्त पडलं तर चार घरं पलीकडे कळायचं. आणि एवढी मोठी गोष्ट पचवली? कोपऱ्यावर दाढी करायला गेले तरी सांगून जायचे." मग धाकटीकडे बघून, "तुला कधी काही बोलले होते का?"

"नाही गं आई."

"मला नाही, तुला नाही. म्हणजे कुणीच आपलं नव्हतं त्यांना."

धाकटी बाळाला उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई.

हंगाम तोंडावर आला तसा काकांचा निरोप आला, पुस्तक संपलंय, नवी आवृत्ती हवी. वाटा कुणीतरी करायला हव्यात. धाकटीने आयुष्यात त्यांतल्या दोनच केल्या होत्या, त्याही बाबांच्या होडीत पुढे बसून. तिने बाळाला सकाळचं पाजलं, आईच्या मांडीवर दिलं, आणि बाबांची वही पिशवीत टाकून निघाली. काकांनी हलकी होडी काढून दिली.

"पेलेल ना? नाहीतर वाटेवरच टाक, मी आणवतो. उगाच कंबर धरून घरी गेलीस तर तुझी आई मला घरात घ्यायची नाही."

तिसऱ्या आणि चौथ्या तळ्याच्या मध्ये पाणी नाही. होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि माळाचा एक पट्टा चालून पलीकडे जायचं. बाबा त्याला खांदवाट म्हणत, आणि पुस्तकात वर्षानुवर्षं तिची वेळ बावीस मिनिटं होती. धाकटी होडीखाली वाकली, दोनदा लडखडली, मग चालू लागली. होडीखालून फक्त पुढची चार पावलं दिसत होती. आपला श्वास तिला होडीच्या पोटात घुमून परत ऐकू येत होता. वाट दोन टेकाडांच्या मधल्या घळीतून जात होती. तिथे गवत कमरेएवढं, आणि इतकं शांत की एक पातं हलत नव्हतं.

चौथ्या तळ्याशी पोचून तिने घड्याळ बघितलं. चोवीस मिनिटं. बाळंतपणानंतर वर्षभर घरात बसलेल्या बाईला चोवीस, म्हणजे बाबांचं बावीस अगदी बरोबर. ती जराशी हसली, काठावर उकिडवी बसली, लिहायला वही उघडली.

गेल्या वर्षीच्या पानावर खांदवाटेसमोर अठ्ठावन्न लिहिलं होतं.

तिने मागचं पान उलटलं. चाळीस. त्याच्या मागचं. एकतीस.

एकतीस तिला आठवत होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, हे बावीसचं एकतीस कसं?" बाबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वारा होता. जुनंच ठेव." तिने जुनं ठेवलं. पुढच्या वर्षी चाळीस बघितल्यावर तिने विचारलंसुद्धा नाही. वारा असेल म्हणून आपणच बावीस केलं, आणि बाबांचं काम हलकं केल्याचं समाधानही मानलं.

तिने मागे वळून घळीकडे बघितलं. तिथे वारा शिरायला जागाच नव्हती. ती आजवर टेबलाशी बसून वाटा दुरुस्त करत आली होती, म्हणून हे कधी कळलं नव्हतं.

आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी बाळ वीस दिवसांचं होतं. काका घाई करत होते, डोळ्यांवर झोप होती. तिने ते पान उघडलंच नव्हतं. आदल्या वर्षीचा मजकूर जसाच्या तसा पाठवून दिला होता. संध्याकाळी बाबा आले. वही टेबलावरून उचलली, पण लगेच निघाले नाहीत. दारात उभे राहिले.

"बघितलंस ना सगळं?"

"बघितलं हो बाबा," ती बाळाला थोपटत, मान वर न करता म्हणाली होती.

"बरं," ते म्हणाले होते, आणि चपला घालून गेले होते.

त्या पानाच्या कडेला, वेळेच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: सपाट दगडाशी बसलो, सात मिनिटं. बाभळीपाशी बसलो, अकरा. उतारावर पुन्हा. होडी खाली ठेवली, उचलवेना.

चौथं तळं समोर चमकत होतं. पलीकडे टिटवी ओरडत होती. धाकटीला रडू आलं नाही. फक्त हातातली पेन्सिल कुठे टेकवावी ते कळेना. बऱ्याच वेळाने तिने होडी पुन्हा खांद्यावर घेतली आणि आली त्याच वाटेने परत फिरली. पुढच्या वाटा तिने केल्या नाहीत.

घरी आई बाळाला भरवत होती. बाळाच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती. "इतक्या लवकर?" आईने विचारलं. "दमलीस होय? मी म्हटलंच होतं, अजून अंगात ताकद आलेली नाही तुझ्या."

न सांगताही चाललं असतं. वही माळ्यावर टाकली असती तर आईने कधी उघडली नसती. पण मग आई जन्मभर त्या माणसावर रुसून राहिली असती.

"आई, बाबांनी सांगितलं होतं," धाकटी म्हणाली.

आईचा चमचा थांबला.

"मला सांगितलं होतं. वहीत लिहून. तीन वर्षं." मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. एकतीस, चाळीस, अठ्ठावन्न, वाऱ्याची थाप, दारातला प्रश्न आणि त्याला दिलेलं उत्तर. स्वतःला कुठे वगळलं नाही.

आईने बाळाचं तोंड पुसलं. सावकाश, दोनदा पुसलं.

"म्हणजे लपवलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तू खोडत होतीस."

"हो."

"एकदा मला दाखवलं असतंस." आईचा आवाज चढला नाही. "मला आकड्यांतलं कळत नाही, पण त्यांच्यातलं कळत होतं गं. बावीसचं एकतीस झालेलं बघून मी कानाला धरून नेलं असतं त्यांना डॉक्टरकडे."

"मला वाटलं..."

"वाटलं असेल. ओली बाळंतीण होतीस." कारण आईनेच पुढे केलं, पण तिने लेकीकडे बघितलं नाही. बाळ तिच्या हातात दिलं, वही उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

धाकटी बाळाला घेऊन बाहेर उभी राहिली. दार ढकलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आत खुर्ची सरकली, पानं उलटली. मग आईचा आवाज आला, पहिलीतल्या मुलासारखा एकेक शब्द लावत.

"सपाट... दगडाशी... बसलो. सात मिनिटं."

पुढचं वाक्य आलं नाही. धाकटी वाट बघत राहिली. आत आई काहीच बोलत नव्हती, पान उलटत नव्हती. बऱ्याच वेळाने, बसलेला माणूस उठावा इतक्या वेळाने, ती पुढचं वाचू लागली.

"बाभळीपाशी बसलो..."