फेट्याचा मेंढा

रुख्मिणीनं मेंढवाड्याच्या फाटकाला हात लावला, तशी सासूनं, कमलीबाईनं, तिच्या हातातली पाण्याची बादली हिसकून घेतली.

"दूर हो! एकदा सांगलेलं समजत नाही काय तुले?"

"पानीच तं पाजून राह्यली, आत्याबाई."

"तुह्या हाताचं पानी पिऊनच भाकड गेल्या साऱ्या. चार वर्सं झाले लग्नाले, तुही कूस उजवली नाही. आता मेंढ्यायच्याबी कुशी बंद केल्या."

पुंजाजी ओट्यावर सुतळी वळत बसला होता. सुतळीला भलताच पीळ पडला, आणि तो उकलायच्या निमित्तानं त्यानं मान जी खाली घातली ती वर काढलीच नाही. रुख्मिणीनं जाता जाता सासऱ्याकडे एकदा पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं! ती नुसती वाट पाहत होती, आणि पुंजाजीला तेच सोसत नव्हतं. कारण सुया टोचताना त्या मेंढ्याची मान तिनंच तर धरली होती.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. पलटणीतून सुटून आलेला एक कंपाउंडर मंगरूळपीरच्या बाजारात पुंजाजीला भेटला. त्याच्याजवळ विलायती औषध होतं, नराच्या ताकदीचं. कोवळ्या मेंढ्याला टोचलं की सालभराची वाढ चार महिन्यांत म्हणे. जनावरांच्या प्रदर्शनात साहेबाच्या हातचा फेटा बांधून घ्यायची पुंजाजीला भारी हौस. पन्नाशी उलटली तरी ती काही जात नव्हती. लेक इंद्रभान कळपामागं रानात, म्हणून मेंढा धरायला सून. शेवटची सुई टोचून झाल्यावर कंपाउंडर म्हणाला, "हा आता दिखाव्याचा मेंढा. कळपात सोडू नका. खालचा माल आटते याचा, मेंढ्या गाभण राह्यत नाहीत."

हे आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला! रुख्मिणीनं लाजून पदर पुढं ओढला, पण ऐकलं सगळं.

मेंढा वाढला, आणि कसा वाढला! फेटा मिळाला. पुंजाजी तो बांधून सगळ्या इंझोरी गावात मिरवला. मग काय, लोक आपापल्या मेंढ्या घेऊन दारात हजर. नाही म्हणावं तर कारण सांगा, आणि कारण सांगितलं की फेटा गेला. पुंजाजीनं मेंढा सोडला. कोणाला संशय नको म्हणून जुना मेंढा विकून स्वतःच्या कळपातही तोच सोडला.

एकही मेंढी व्याली नाही. एवढ्या दांडग्या मेंढ्याला कोण दोष देणार? गावानं वाईट हात शोधला, आणि तो पुंजाजीच्याच घरात सापडला.

दोन दिवसांनी रिठदहून रुख्मिणीचा बाप, रामकिसन, बैलांची दमणी जुंपून आला. लेकीला घेऊन जा, आम्ही इंद्रभानाला दुसरी पाहतो, असा कमलीबाईचा सांगावा गेला होता. रामकिसननं डोक्यावरचं पागोटं काढून व्याह्याच्या, पुंजाजीच्या, पायांवर ठेवलं.

"इवाई, पोर पदरात घ्या. मेंढवाड्याकडे पाह्यनारबी नाही ते. पन वापस धाडू नका. तिच्या पाठीवर दोन बहिनी हायेत."

रुख्मिणी दाराशी गाठोडं घेऊन उभी होती. तिच्या एका शब्दात सगळं फिरलं असतं. ती तो शब्द बोलत नव्हती. पुंजाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उचला ते पागोटं," तो म्हणाला. "पोरीचा दोष नाही. मेंढाच कामाचा नाही. म्या सुया टोचून घेतल्या त्याले, फेट्यापायी. तिले सारं ठावं हाये. माही इज्जत जाऊ नये म्हनून गप राह्यली ते."

पुंजाजीला वाटलं, सुटलो. आता गाठोडं आत जाईल.

रामकिसननं पागोटं उचललं, झटकलं आणि सावकाश डोक्याला बांधलं.

"तुमाले कवापासून ठावं व्हतं?"

"पयल्यापासून."

"अन् हे रोज बोलनं खात व्हती, तुमच्यासमोर?"

रामकिसननं लेकीच्या हातातलं गाठोडं घेऊन दमणीत ठेवलं.

"चाल, बाई."

"इवाई, आता काहून नेता? आता तं सारं उघड झालं. इंद्रभान रानातून आला म्हंजे त्याले काय सांगू मी?"

"आत्ता मले सांगलं तेच सांगा."

रुख्मिणी ओट्याशी आली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि रीतीप्रमाणे वाकून सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पुंजाजीचा हात सवयीनं वर गेला. सुनेला द्यायचा एकच आशीर्वाद त्याला येत होता, लेकुरवाळी हो, आणि तो काही केल्या तोंडातून निघेना. ती वाकूनच होती. मग उठली आणि दमणीत जाऊन बसली.