तिखट किती, ते कुणाच्या जिभेने सांगू?

अमेरिकेतल्या टूसन गावच्या एका छोट्या खानावळीत रेमेदिओस वाढायला लागली, तेव्हापासून गिऱ्हाइकं डोळे पुसतच बाहेर पडत होती. कुणी विचारावं, "ही चटणी तिखट आहे का हो?" आणि हिने मान वेळावून म्हणावं, "लिटल!" आता त्यात बिचारीचा काय दोष? मेक्सिकोतल्या सोनोरात जन्मलेली बाई आपल्या हातच्या चटणीला तिखट म्हणेल होय? पाहुण्याच्या कानातून धूर निघाला तरी, "कुठे तिखट आहे? घ्या हो अजून!" हाच आग्रह.

पण मालक हार्लनचा धीर सुटला. परवा एका वकिलाने जेवण अर्धवट टाकून तमाशा केला, तसा तो म्हणाला, "रेमेदिओस, आणखी एक तक्रार आली की तू घरी." ती हबकलीच. हे सावलीतलं काम सोडून परत उन्हातान्हात शेतात लेट्यूसची भाजी तोडायला जायचं? नको रे देवा!

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात तिने ड्वायरबाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "लिटल म्हणजे थोडं. व्हेरी म्हणजे खूप, पण झेपेल असं. टू म्हणजे अती, झेपणारच नाही असं. तुम्ही मंडळी व्हेरी आणि टू एकाच दावणीला बांधता, तेवढं सांभाळ."

"पाठ आहे हो बाई! पण मला मेलीला काहीच तिखट लागत नाही. मग सांगू कुणाच्या जिभेने?"

बाई हसल्या, आणि तिथेच फसल्या. दुसऱ्या दिवशी रेमेदिओस चटण्यांच्या तीन वाट्या घेऊन हजर! पहिलीला बाईंनी मिटक्या मारल्या. दुसरीला कपाळावर घाम फुटला. तिसरी चिल्तेपिनची, मिरीएवढ्या रानमिरच्यांची. ती चाखली मात्र, बाई थेट नळाकडे धावल्या. वर्ग पोट धरून हसत होता आणि रेमेदिओस मनात गाठ मारत होती: मिटक्या म्हणजे लिटल, घाम म्हणजे व्हेरी, नळ म्हणजे टू.

शनिवारी ऐन गर्दीत एक धिप्पाड गुरंवाला मित्रांना घेऊन आला. "सगळ्यात जहाल चटणी आण!"

"ती तुम्हाला टू होईल," रेमेदिओस म्हणाली.

"व्हेरी म्हणायचंय ना तुला?" त्याने मित्रांना डोळा मारला.

"नाही. व्हेरी ती पलीकडची. ही टू." उभ्या जन्मात तिने आपल्या चटणीची अशी बदनामी केली नव्हती. लाजेने तिचे कान तापले.

"आण गं! मी काय तान्हं बाळ आहे?"

त्याने चमचाभर तोंडात टाकली. चेहरा बिटासारखा लाल, घळाघळा पाणी, वर उचक्या. हार्लन गल्ला सोडून धावला. संपलं सगळं, असं म्हणत रेमेदिओसने एप्रनची गाठ सोडायला घेतली.

"काय सांगितलं होतं हिने तुम्हाला?" हार्लनने विचारलं.

गुरंवाल्याने पाण्याचा जग तोंडाला लावून रिकामा केला, डोळे पुसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खरं तेच सांगितलं. मीच ऐकलं नाही."

हार्लनने रेमेदिओसकडे पाहिलं. "गाठ बांध परत," तो म्हणाला, "आणि पळ, त्यांना दूध आण."