कविराजांचा मालकी हक्क

माझ्या भाचीच्या पहिल्या आणि देवाच्या दयेने माजी झालेल्या नवऱ्याला आम्ही घरात कविराज म्हणतो. पोटापाण्यासाठी ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात, पण तो तपशील त्यांना स्वतःच्या योग्यतेला कमीपणा आणणारा वाटतो. बायकोवर हात उगारताना मात्र असा काही कमीपणा त्यांना वाटत नसे.

कोर्टाने भाचीला संरक्षणाचा आदेश दिला, त्यात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. तिच्या घरी किंवा कामावर जायचं नाही, फोन करायचा नाही, आणि तिच्याबद्दल कुठेही, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने, काही लिहायचं नाही. कविराज थोडे दिवस गप्प राहिले. मग फेसबुकवर ‘जळती वात’ नावाचं एक पान उघडलं गेलं. वर मेणबत्तीचं चित्र, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. वात म्हटल्यावर मला आधी माझे गुडघे आठवले, पण ही वात निराळी होती. एका साध्याभोळ्या पुरुषाला एका बाईने कसं देशोधडीला लावलं, याची ती रोजची रडकथा होती.

बाईचं नाव कुठेच नव्हतं. पण ती कानाची यंत्रं बसवते, तिच्या दुकानाला निळं दार आहे आणि आत एक बंद खोली आहे, एवढं सगळं होतं. भाचीच्या कामात ती खोली लागतेच. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड अस्तर असतं. आत माणसाला बसवून, कानावर हेडफोन चढवून, कोणता आवाज ऐकू येतो आणि कोणता नाही ते तपासायचं. कविराजांनी लिहिलं, ‘त्या खोलीतला आवाज बाहेर येत नाही, एवढंच सांगतो. सुज्ञांनी समजून घ्यावं.’ सुज्ञ तर टपूनच बसलेले असतात. खाली सांत्वनाची रीघ लागली. ज्यांच्या बायका त्यांना जेवायला वाढून टीव्ही बघायला निघून जातात, असे कितीतरी दुखावलेले जीव तिथे जमले.

त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. एक सून सासऱ्यांची तपासणी चालू असताना खोलीत ठाण मांडून बसली. आणखी कोणी ठरलेली वेळ रद्द केली. दुकानाचा मालक तसा बरा माणूस, म्हणजे कोणी ओरडेपर्यंत बरा. त्याने भाचीला सांगितलं की हे मिटेपर्यंत तू मागे बसून कानाचे साचे घासत जा, तपासणी दुसरं कोणी करेल. आणि कोर्टाच्या पुढच्या तारखेलाही नाही मिटलं, तर मग बघू. ‘मग बघू’चा अर्थ तिला कळला. ते काम शिकायला तिने लग्नाआधीची सगळी उमेद घातली होती. साच्याचं माप घ्यायला म्हाताऱ्या माणसाच्या कानात दोरा बांधलेला स्पंजचा गोळा ठेवून वर गुलाबी लगदा भरताना तिचा हात इतका हलका चालतो, की मला स्वतःला त्या खुर्चीत डुलकी लागलेली आहे.

भाचीच्या वकीलबाईंनी बजावलं होतं की त्या पानावर कोणीही एक अक्षर लिहायचं नाही. फक्त रोज वाचायचं आणि प्रत्येक मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवायचा. आदेश मोडल्याची तक्रार आम्ही कोर्टात केली होती, पण कविराजांच्या वकिलाचं म्हणणं होतं की पान आमच्या अशिलाचं नाहीच, आणि ते त्यांचंच आहे हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हतं. फेसबुककडून माहिती मागवली होती, ती येईल तेव्हा येईल. वाचायचं काम भाचीने मला दिलं.

“मामा, तूच कर. तू वाईट पुस्तकंसुद्धा शेवटपर्यंत वाचतोस.”

तर मी वाचत गेलो. वाईट पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असतं. इथे टिंबांच्या रांगा, रडणारे पिवळे चेहरे आणि मधूनमधून कवितेसारखं दिसावं म्हणून अर्ध्यावर मोडलेली वाक्यं. पण एका ओळीपाशी मी थबकलो. ‘साऱ्या गावाला ऐकू यावं म्हणून जी राबते, तिच्या घरात तिला हाक मारणाऱ्याचा आवाज मात्र विरून गेला.’ ओळ बरी होती. असल्या माणसाला अशी ओळ सुचावी याचा मला रागच आला, आणि मग वाटलं, वाचक म्हणून माझंच काही चुकत असेल. मी भाचीला काही बोललो नाही.

ती ओळ कविराजांनाही फार आवडली असावी, कारण ती त्यांनी पुन्हा पुन्हा डकवली. आणि नेमकी तीच चोरीला गेली.

चोरणारा मोबाइलची कव्हरं विकणारा एक कोणी होता. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. त्याने काळा चष्मा लावून, मोटारसायकलला टेकून काढलेला फोटो टाकला, खाली ती ओळ लिहिली आणि त्याखाली स्वतःचं नाव. ‘जळत्या वाते’ला वर्षभरात मिळाली नसेल एवढी वाहवा त्याला दोन दिवसांत मिळाली. बायका बदाम पाठवू लागल्या. कोणी विचारलं, दादा, पुस्तक कधी काढताय. दादा म्हणाले, लवकरच.

बायकोची अब्रू चव्हाट्यावर मांडताना ज्यांना काही झालं नाही, त्या कविराजांना हे मात्र सोसवेना. स्वतःच्या नावाच्या खात्यावर, स्वतःच्या दिवाणखान्यात बसून, त्यांनी एक व्हिडिओ काढला. डोळे तांबारलेले, मागे त्यांच्या कंपनीची यंत्रं. म्हणाले, साहित्यचोरीसारखं पाप नाही. म्हणाले, ही ओळ माझ्या संसाराच्या राखेतून जन्मली आहे. मग हातातला फोन कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी ‘जळती वात’ उघडून दाखवली. लिहिण्याची, खोडण्याची, जुने मसुदे बघण्याची सगळी बटणं दिसत होती. “हे पान कोण चालवतं ते बघा,” ते म्हणाले, “आणि मग ठरवा चोर कोण.”

मी तो व्हिडिओ दोनदा बघितला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. मग कोणी तो काढून टाकायच्या आत कसा साठवायचा हे न कळल्यामुळे धापा टाकत शेजाऱ्यांकडे गेलो.

वकीलबाईंच्या खोलीत तो लावला तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पोट धरून हसल्या. भाची हसली नाही. ती ओळ संपेपर्यंत तिने ऐकलं आणि शांतपणे म्हणाली की ती तिची आहे. कधीतरी दमून घरी आल्यावर ती त्याला म्हणाली होती, अख्ख्या गावाला ऐकू यावं म्हणून मी मरमर राबते आणि माझ्याच घरात माझा आवाज कोणाला ऐकू जात नाही. त्याने तेव्हा मान वर केली नव्हती. मला वाटायचं ऐकलं नाही, ती म्हणाली.

मी म्हणालो, हे कोर्टात सांगायलाच हवं. मला एकदम फार चेव आला होता.

“राहू दे रे मामा,” ती म्हणाली. “तो स्वतःची म्हणून मिरवतोय ना, मिरवू दे. त्याच्याच गळ्यात शोभते.”

तारखेला कविराजांच्या वकिलाने शर्थ केली. अशील भावनेच्या भरात बोलले, पान मित्राचं आहे, ओळीवरचा दावा गैरसमजातून झाला. न्यायाधीशांनी व्हिडिओ बघितला, मग कविराजांकडे बघून विचारलं की मग हे लेखन त्या कव्हरवाल्या गृहस्थांचं समजायचं का.

वकिलाने अशिलाची बाही ओढली. कविराजांनी ती सोडवून घेतली.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “माझंच आहे. सगळंच.”

न्यायाधीशांनी तसं लिहून घेतलं. आदेश मोडल्याचा गुन्हा कविराजांवर दाखल झाला, पान त्याच दिवशी बंद करायला लागलं आणि पुन्हा असं काही आढळलं तर थेट कोठडी, असं त्यांना तोंडावर सांगितलं गेलं. दुकानाचा मालक मागच्या बाकावर बसून ऐकत होता. बाहेर येऊन त्याने भाचीला सांगितलं की उद्यापासून तपासणी तूच कर, मला तर आधीपासूनच शंका नव्हती. भाची म्हणाली, हो का, आणि त्याच्याकडून लेखी मागून घेतलं.

ती वकीलबाईंबरोबर कागदांवर सह्या करायला आत गेली आणि मी व्हरांड्यात एकटा उरलो. कविराज माझ्याकडेच आले. मला वाटलं, आता मारामारी होते की काय. मला मारामारी येत नाही. पण त्यांनी आवाज खाली आणला.

“मामा, बाकी सगळं सोडा. तुम्ही वाचणारे आहात. ती ओळ कशी वाटली?”

मी आयुष्यात कोणाच्या तोंडावर टीका केलेली नाही.

“ओळ चांगली आहे,” मी म्हणालो. “बाकीचं सगळं तुमचं आहे.”

कविराजांनी छातीवर हात ठेवला, किंचित वाकले आणि माझे आभार मानले.