कोपऱ्यावर वाट बघणारी अफीबा

चित्र झाकून ठेवायला हवं होतं, ही अक्कल मला उशिरा सुचली. उद्या रॉटरडॅममध्ये माझ्या पहिल्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि आज माझी मावशी, टांटे एल्फ्रिदे, काठी टेकत थेट अफीबासमोर उभी.

अफीबा माझी खापरपणजी. सुरीनामच्या उसाच्या मळ्यावर गुलाम होती. चेहरा मी मनानंच रंगवला. डोक्याच्या जागी मात्र कॅनव्हास कोरा सोडून डोक्याला बांधायचा खराखुरा रुमाल घडी घालून शिवला. खळ दिलेला, कडक. तो टांटेच्या आईचा. घराण्याचं हसं होता कामा नये, या अटीवर तिनं दिला होता.

"ही घडी कुठून आणलीस?"

"जुन्या फोटोतून. छान आहे ना?"

"छान? अगं, 'कोपऱ्यावर ये, वाट बघते' असा निरोप आहे हा. पोरी मित्राला भेटायला जाताना अशी घडी घालायच्या. उद्या आपल्या सुरीनामच्या बायका येतील आणि माझ्या पणजीकडे बघून तोंडावर हात धरून हसतील. काढ तो."

"काढला तर चित्रच उरत नाही."

"मग नाही उरलं तर नाही." पर्समधून छोटी कात्री काढून तिनं दोन टाके उसवलेसुद्धा.

मला रडूच फुटलं, आणि रागही आला. इथे जन्मलेल्या आम्हा पोरींना घड्यांची भाषा शिकवली होती कुणी?

"टांटे, गुलामांच्या नोंदवहीत तिच्याबद्दल काय लिहिलंय, माहितीये? नाव, आईचं नाव, वय अठरा, काम शेतातलं. संपलं. अठराव्या वर्षी तिला कुणाची वाट बघावीशी वाटलीच नसेल?"

कात्री थांबली. टांटे रंगांच्या डब्यांशेजारच्या स्टुलावर बसली.

"मीही घातली होती ही घडी," ती म्हणाली. "तिकडे सुरीनाममध्ये, पारामारिबो शहरात. आईनं भर रस्त्यात डोक्यावरून ओढून काढली."

"आणि तो?"

"कोपऱ्यावरून सगळं बघत होता, मेला. तरी दुसऱ्या दिवशी आला. तोच तुझा काका."

मग ती उठली, चित्राच्या अगदी जवळ गेली आणि रुमालाचं टोक दोन बोटांत धरून तिनं नाक मुरडलं.

"हे ढिलं ठेवलंयस. असं असेल तर कुणीच यायचं नाही हिच्याकडे. सुई आण."